मैदानावर परतण्याचा मुहूर्त कोणी ठरवावा?



लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढून देतात, पेरणीचा मुहूर्त पाऊस ठरवतो आणि परीक्षेची तारीख बोर्ड जाहीर करते. परंतु हात मोडलेल्या, गुडघा मुरगळलेल्या अथवा डोक्याला मार बसलेल्या मुलाने पुन्हा मैदानात केव्हा उतरावे, हा मुहूर्त आपल्याकडे कोण ठरवतो? बालरोगतज्ज्ञ म्हणून या सीमाभागात इतकी वर्षे काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, तो मुहूर्त बहुतेक वेळा स्पर्धेचे वेळापत्रक ठरवते. तालुका स्पर्धा अमुक तारखेला आहेत, म्हणून मूल त्या तारखेला 'बरे' होते. जत्रेतील कुस्त्या पुढच्या सोमवारी आहेत, म्हणून गुडघ्याने सोमवारपर्यंत बरे व्हायचे असते. ही उलटी रीत आपण सरळ केली पाहिजे, आणि ती सरळ करण्याची पहिली जबाबदारी डॉक्टरांची आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

खेळावर जगणारा मुलूख

हिंडलग्याहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की सुळगा, उचगाव, तुरमुरी ही गावे लागतात. या पट्ट्यात खेळ हा फावल्या वेळेचा विरंगुळा नाही. तांबड्या मातीचा आखाडा, कबड्डीचे मैदान आणि सैन्यभरतीसाठी पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे हे इथले नित्याचे दृश्य आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे वर्दीचे आकर्षण घराघरांत आहे. तुरमुरीच्याच मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसदृश खेळात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आसपासच्या गावांतील कितीतरी मुलींच्या आईबापांना मुलीला मैदानावर पाठवण्याचा धीर आला. शेती तुकड्यातुकड्यांची झालेल्या घरांत एखाद्या मुलाचे मजबूत शरीर हीच खरी मिळकत असते. म्हणूनच त्या शरीराला झालेली दुखापत ही कुटुंबाच्या भवितव्याला झालेली दुखापत ठरते, आणि म्हणूनच घाई होते. या घाईमागची अगतिकता मी जाणतो. तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मात्र घाईने जपायचे तेच गमावले जाते, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

सांगलीच्या मुलीचे पाच महिने

आपल्या शेजारच्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांचे उदाहरण पालक मला हटकून देतात. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील बिग बॅश स्पर्धेत ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला गंभीर दुखापत झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या सुमारे पाच महिने खेळापासून दूर राहिल्या. विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आणि दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिका दोन्ही हुकल्या. २४ जून २०१७ रोजी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६.

पालक इथे थांबतात आणि म्हणतात, "बघा डॉक्टर, पाच महिन्यांत शतक!" मी त्यांना पुढचे सांगतो. त्याच स्पर्धेत नंतर त्यांच्या धावा आटल्या, आणि लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात त्या शून्यावर बाद झाल्या. तरीही कोणी त्यांना मोडीत काढले नाही. पुढे त्या भारतीय संघाच्या आधारस्तंभ झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाच्या उपकर्णधार होत्या. म्हणजे परतणे हा एक दिवस नसतो, तो एक कालखंड असतो. 'पाच महिने' हा आकडा या कथेतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. अस्थिबंध ताणला जाणे, अर्धवट तुटणे आणि पूर्ण तुटणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेने नवा अस्थिबंध बसवला असेल, तर नऊ महिन्यांच्या आत खेळाकडे परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले आहे. तरुण खेळाडूंत तर खेळाकडे परतलेल्या सुमारे चौघांपैकी एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुन्हा इजा होते. दुसऱ्याच्या गुडघ्याचे पंचांग आपल्या मुलाच्या गुडघ्याला लावता येत नाही.

दोन क्वार्टरबॅक, दोन धडे

अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात चेंडू मुख्यतः हातांनी फेकतात आणि धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात. त्यातील क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो आणि प्रतिपक्षाचा सगळा रोख त्याच्यावरच असतो. ॲलेक्स स्मिथ हा वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक होता. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. जखमेत भयंकर जंतुसंसर्ग झाला. पाय कापावा लागेल, एवढेच नव्हे तर जीव जाईल अशी वेळ आली. त्याच्यावर एकूण सतरा शस्त्रक्रिया झाल्या. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रात त्याने पुन्हा चालण्या-धावण्याचे धडे गिरवले. आणि जवळजवळ दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर २०२० रोजी, तो पुन्हा मैदानात उतरला. शल्यविशारदांची आणि संघाच्या डॉक्टरांची संमती मिळाल्यावरच त्याला उतरता आले. त्याची जिद्द सगळ्या जगाने वाखाणली. मला त्या जिद्दीइतकीच त्या संमतीची प्रतीक्षा मोलाची वाटते.

दुसरा क्वार्टरबॅक म्हणजे तेव्हा मायामी संघात असलेला टुआ टागोवायलोआ. २५ सप्टेंबर २०२२ रोजी जमिनीवर डोके आपटल्यानंतर तो उठला आणि लडखडला. ती लडखड पाठीच्या दुखण्यामुळे आहे असे ठरवून त्याला त्याच सामन्यात पुन्हा खेळवले गेले. चारच दिवसांनी दुसऱ्या सामन्यात तो पुन्हा आपटला, त्याच्या हाताची बोटे विचित्र आखडली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. चौकशीत निष्कर्ष निघाला तो मननीय आहे: नियमांतील पायऱ्या पाळल्या गेल्या होत्या, पण नियमांचा हेतू साधला नव्हता. त्यानंतर नियम बदलला. डोक्याला मार बसल्यावर ज्याचा तोल जातो, तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, मग कारण काहीही सांगितलेले असो.

जिथे कोट्यवधी डॉलरचा खेळ आणि मैदानाच्या कडेला डॉक्टरांचा ताफा असतो, तिथे ही गत. मग जिथे मैदानाच्या कडेला पाण्याची घागर आणि लिंबाच्या फोडी एवढाच वैद्यकीय विभाग असतो, तिथे काय होत असेल याचा वाचकांनीच विचार करावा.

शौर्याची कथा आणि मुलांचा मेंदू

आपल्या मनावर काही प्रतिमा कायमच्या कोरलेल्या आहेत. मे २००२ मध्ये अँटिग्वा येथे आपल्याच कर्नाटकाचे अनिल कुंबळे मोडलेल्या जबड्याला पट्टी गुंडाळून चौदा षटके टाकतात आणि ब्रायन लाराला बाद करतात. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत मोडलेल्या पायाने लंगडत फलंदाजीला येतात आणि अर्धशतक पूर्ण करतात. या कथा मुलांना सांगाव्यात, पण अर्ध्या सांगू नयेत. कुंबळे त्यानंतर लगेच शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले. पंत त्यापुढचा सामना खेळू शकले नाहीत. आणि याच पंत यांनी डिसेंबर २०२२ मधील मोटार अपघातानंतर मुंबईत अस्थिबंधांची शस्त्रक्रिया करून घेऊन, मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळ वाट पाहिली होती. त्या चौदा महिन्यांचे पोस्टर कोणी भिंतीवर लावत नाही. प्रौढ खेळाडू जोखीम समजून घेऊन स्वतः निर्णय घेतो. तेरा वर्षांच्या मुलाला ती समज नसते, आणि त्याच्या वतीने शूर होण्याचा अधिकार वस्तादांना नाही, वडिलांनाही नाही.

डोक्याच्या माराबाबत तर शौर्याला जागाच नाही. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात फलंदाजाच्या अगदी जवळ हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करताना रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. 'चालत गेला, बोलत होता, म्हणजे काही झाले नाही' हे वाक्य किती फसवे असते, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार बसल्यावर थोडा वेळ बाहेर बसून पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, परंतु पुन्हा चालायला शिकण्यात त्याची वर्षे गेली. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्याने कायदा केला: डोक्याला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढावे, आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय त्याला परत घेऊ नये. २०१४ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

तीन खोटे मुहूर्त

आपल्याकडे मुलांना मैदानावर परत पाठवताना तीन खोटे मुहूर्त पाहिले जातात.

पहिला: दुखणे थांबले. दुखणे थांबणे ही बरे होण्याची सुरुवात असते. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या पायाच्या मांडीचा घेर टेपने मोजून पाहा, दुसऱ्या मांडीपेक्षा तो चांगलाच उतरलेला सापडेल. हाड जुळले तरी त्याला सांभाळणारा स्नायू अजून झोपलेलाच असतो.

दुसरा: प्लास्टर निघाले. मुलांची हाडे लवकर जुळतात, हे खरे. परंतु नुकतेच जुळलेले हाताचे हाड पुढील काही महिन्यांत पुन्हा त्याच जागी मोडू शकते. शिवाय मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात. त्यांना इजा झाली असेल, तर पाय आखूड किंवा वाकडा होत आहे हे कित्येक महिन्यांनी ध्यानात येते. म्हणून अशा मुलाला निदान वर्षभर अधूनमधून तपासत राहावे लागते. प्लास्टर काढल्यावर जे मूल पुन्हा दिसतच नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते.

तिसरा: सीटी स्कॅन नॉर्मल आला. हा मुहूर्त सर्वांत धोकादायक. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीची मोडतोड दिसते. मेंदूला बसलेला हादरा, ज्याला आपण कन्कशन म्हणतो, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. त्याचे निदान मुलाशी बोलून, त्याचा तोल, स्मरण, झोप आणि चिडचिड पाहून होते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' याचा अर्थ 'उद्या कबड्डी खेळायला हरकत नाही' असा कधीच होत नाही. आजचा जगन्मान्य शिरस्ता असा: पहिले एकदोन दिवस बेताची विश्रांती, मग हलक्या हालचाली, मग शाळा, आणि पुढे टप्प्याटप्प्याने खेळ. एकूण सहा टप्पे, प्रत्येकाला निदान चोवीस तास. पूर्ण वेळ शाळा पूर्वीसारखी झेपल्याशिवाय आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय अंगाला अंग भिडणारा खेळ नाही. मुलांना यासाठी मोठ्यांपेक्षा अधिक दिवस लागतात, कधी महिनाभरही.

आपल्या सहीचे मोल

आता थोडे आपल्याच व्यवसायाविषयी. स्पर्धांच्या मोसमात शाळांचे फॉर्म येतात आणि त्यावर एक ओळ असते: 'सदर विद्यार्थी खेळण्यास तंदुरुस्त आहे.' बरेचदा तो फॉर्म एकटाच दवाखान्यात येतो, मूल आलेलेच नसते. ओळखीचा माणूस, गर्दीची वेळ, दोन सेकंदांची सही. असा कागद घेऊन आलेल्या एका वडिलांना मी सांगितले की, मुलाला पाहिल्याशिवाय सही होणार नाही. ते रागावून गेले, पण संध्याकाळी मुलाला घेऊन आले. मुलाला एका पायावर उडी मारायला सांगितली. डाव्या पायावर त्याने सहज मारली. उजव्या पायावर तो नुसता उभा राहिला आणि माझ्याकडे पाहत राहिला. वडिलांनी ते पाहिले. त्यानंतर मला काही बोलावे लागले नाही.

मुलाला आईवडिलांपासून बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे, असाही माझा आग्रह आहे. कोणी संघातून वगळले जाण्याच्या भीतीने दुखणे लपवते. कोणाला त्या खेळाचीच धास्ती असते आणि दुखणे हा त्याचा आसरा असतो. दोघांचीही गरज निराळी, आणि दोघांनाही 'फिट' हा एकच शिक्का न्याय देत नाही.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काही डॉक्टर सावधगिरीच्या नावाखाली 'आता खेळ कायमचा बंद' असे झटकन सांगून मोकळे होतात. तोही अन्यायच. बहुसंख्य मुले योग्य पुनर्वसनानंतर आपल्या खेळाकडे परतू शकतात, आणि ज्यांना परतता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरे दार उघडे असते. सांगली जिल्ह्यातील तेव्हाच्या इस्लामपूर परिसरातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. मुष्टियुद्ध सुटले, पण त्यांनी पोहण्याची कास धरली आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परतणे म्हणजे त्याच मैदानावर परतणे, असा अर्थ प्रत्येक वेळी नसतो.

एक साधा प्रस्ताव

'हे सगळे अमेरिकेत ठीक, आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट गावोगावी कुठे आहेत?' असा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी खर्चिक काही सुचवत नाही. आपल्या संघटनेने पुढील चार गोष्टी स्वीकाराव्यात, अशी माझी विनंती आहे.

एक, मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खेळाचा दाखला कोणीही देऊ नये. एकाने नाकारला आणि शेजारच्याने दिला, असे होता कामा नये, म्हणून हा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा.

दोन, एका पानाचे 'खेळ-कार्ड' छापावे. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. आपली मुले सरावाला कोल्हापूरच्या तालमीत जातात, सामने चंदगडात खेळतात, शाळा बेळगाव तालुक्यात असते. मूल सीमा ओलांडते, पण त्याच्या दुखापतीची माहिती ओलांडत नाही. कार्डावर दुखापतीची तारीख, उपचार, सध्याचा टप्पा आणि पुढील तपासणीची तारीख एवढेच असावे.

तीन, डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ संपला, हा नियम शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, वस्ताद आणि पंच यांना आपण गावोगावी जाऊन समजावावा. मोसमापूर्वी एका रविवारची दुपार त्यासाठी पुरेशी आहे.

चार, साध्या चाचण्या सर्वांनी सारख्याच वापराव्यात. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर शाळेच्या टेपने मोजणे, दुखऱ्या बाजूचे अंतर चांगल्या बाजूच्या निदान नव्वद टक्के भरते का ते पाहणे, डोळे मिटून एका पायावर तोल सांभाळता येतो का ते पाहणे, जिना उतरताना गुडघा आत झुकतो का ते पाहणे. यासाठी यंत्र लागत नाही, दहा मिनिटे आणि लक्ष लागते.

यातून एखाद्या मुलाची एखादी स्पर्धा हुकेल, हे मी मान्य करतो. सांगलीच्या त्या मुलीच्याही दोन स्पर्धा हुकल्या होत्या. वडील नाराज होतील, वस्ताद रुसतील, एखादा रुग्ण आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाईल. ही किंमत आपण मोजावी, कारण ती आपण मोजली नाही तर मुलाचा गुडघा ती मोजतो, आणि कधी कधी मुलाचा मेंदू. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बाद ठरलेला अठरा वर्षांचा तरुण जेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या एका कुस्तीची गोष्ट सांगतो, तेव्हा त्या कुस्तीचे इनाम किती होते हेही त्याला धड आठवत नसते.

मुहूर्त शरीराने ठरवावा, आपण तो वाचून सांगावा, आणि वेळापत्रकाने थांबावे. आपल्या गावांतील प्रत्येक खेळाडू मुलाला मैदान दीर्घकाळ लाभो, हीच या निमित्ताने सदिच्छा.